थोपवणाऱ्या पेशी आणि माझी कातडी

माझ्या आजाराचं नाव पेम्फिगस. हे नाव आता मला न अडखळता म्हणता येतं. पूर्वी कुणी विचारलं की मी "अंगात गरमी झाली" म्हणायची, नाहीतर "कपाशीची खाज" म्हणून मोकळी व्हायची. खरं सांगायला जीभ रेटत नव्हती.

आम्ही अमडापूरचे मनियार. बांगड्या भरणं हे माझ्या माहेरचंही काम आणि सासरचंही. नवरा रशीद टेम्पो चालवतो, हंगामात खेड्यापाड्यातला कापूस खामगावच्या जिनिंगवर नेतो. सासूला आम्ही सगळे अम्मी म्हणतो. आफरीन नावाची एक मुलगी आहे. घरातली आमची बोली वेगळी, पण माझी शाळा मराठी आणि धंदा सगळा वऱ्हाडीत, म्हणून घरातलं बोलणंही इथे तसंच लिहिते आहे.

या आजाराची माहिती डॉक्टर देतात, पुस्तकातही मिळते. पण मला भीतीपेक्षा लाज जास्त वाटली होती, आणि त्या लाजेबद्दल मला कुणी काही सांगितलं नव्हतं. कुणी सांगितलं असतं तर मी दवाखान्यात लवकर पोचले असते. म्हणून लिहिते.

तोंड

सुरुवात तोंडात झाली. गालाच्या आत एक फोड आला, फुटला आणि त्याची जखम झाली. ती भरायच्या आत दुसरी. आधी वाटलं मिरची जास्त झाली. मग भाकरी दुधात भिजवून खायला लागले. मग भाकरीही सुटली आणि नुसत्या पातळ खिचडीवर आले. पाणी पितानाही डोळ्यांतून पाणी यायचं.

बांगड्या विकणाऱ्या बाईचं तोंड बंद झालं तर धंदा कसा चालणार? समोरची बाई हात पुढे करते ती बांगड्यांसाठी, आणि जरा बोलायला. पोरीचं कुठे जमलं, दिराने वाटणी मागितली का, सगळं त्या तेवढ्या वेळात निघतं. मी तोंडावर ओढणी धरून नुसती हूं हूं करायला लागले. तोंडाला वास यायचा. तो मलाच येत होता, म्हणजे त्यांनाही येत असणार.

त्या वर्षी बीटीच्या कपाशीलाही गुलाबी बोंडअळी लागली होती. जी कपाशी अळीला भीक घालत नाही म्हणून लोकांनी पेरली, तिचीच बोंडं आतून पोखरलेली निघत होती. माणसं फवारणीवर फवारणी करत होती. घराघरात औषधाचे डबे होते आणि कुठल्या ना कुठल्या गावातून कुणी ते प्यायल्याची बातमी येत होती. अशात एक दिवस बाजारात एका ओळखीच्या बाईने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "शमीम, तू काही पेली तर नाही ना माय?"

मी मान हलवली. तिचा विश्वास बसला नाही. तिने मला पाठीवर थोपटलं आणि जाताना माझ्या शेजारी बसलेल्या अम्मीकडे वाईट नजरेने पाहिलं. माझ्या तोंडातल्या फोडांमुळे तिच्यावर सुनेला छळल्याचा आळ आला होता, आणि खुलासा करायला माझं तोंडच उघडत नव्हतं.

सुनीतावहिनीचा हात

पहिल्या वेच्याचा कापूस विकला गेला की बायका बांगड्या भरायला येतात. त्या वर्षी बोंडअळीने पीक खाल्लं तरी पहिला वेचा बऱ्याच जणींच्या हाताला लागला होता. सुनीतावहिनी आमच्या जुन्या गिऱ्हाईक. भावाच्या लग्नासाठी हिरवा चुडा भरायला आल्या होत्या.

तोवर माझ्या छातीवर आणि पाठीवर पाणी भरलेले ढिले फोड यायला लागले होते. ते कपड्याखाली झाकले जात. हातावर काही नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

त्यांचा उजवा हात भरून झाला. डावा घेतला. हात जरा कडक होता, म्हणून मी माझ्या अंगठ्याखालच्या मांसल भागाने दाबून बांगडी वर सरकवली. काहीतरी ओलं झालं. बघितलं तर माझ्या तळहाताची कातडी एखाद्या सालीसारखी निघून त्यांच्या मनगटाला चिकटली होती.

त्या ओरडल्या नाहीत. हात ओढून घेतला, पदराने पुसला, पुन्हा पुसला. म्हणाल्या, "राहू दे. पुढच्या बाजारी भरते बाकीच्या." आणि एक हात भरलेला, एक मोकळा, तशाच उठून गेल्या. लग्नघरच्या बाईने असं अर्ध्यावर उठून जाणं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आजूबाजूला बसलेल्या बायकाही एकेक करून उठल्या. कुणी काही बोललं नाही. त्यापेक्षा कुणी दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

अम्मीने पेटी बंद केली. म्हणाली, "चाल घरी."

तो आजार

खामगावच्या डॉक्टरांनी मला तपासलं आणि रशीदला बाहेर बोलावलं. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. माझं रक्त घेतलं. कशासाठी ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

काही दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तो आजार नाही. काळजी मिटली."

"कोणता आजार?" मी ओढणीआडून विचारलं.

रशीद खिडकीबाहेर बघायला लागला. मग माझ्या लक्षात आलं. तो कधीमधी कापसाच्या गाठी घेऊन गुजरातकडे जायचा. ड्रायव्हरची बायको, तोंड आलेलं, अंगावर फोड, वजन उतरलेलं. सगळ्यांनी आपापल्या मनात हिशेब केला होता आणि आम्हा दोघांनाच तो कळला नव्हता. कदाचित त्याला कळला होता. मला त्याचा राग आला, त्याच्यासाठी वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर क्षणभर शंकाही आली. रिपोर्ट चांगला येऊनही शंका यावी, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

माझं रक्त घेतलं त्या दिवसापासूनच रशीद बाहेरच्या खोलीत झोपायला लागला होता. "तुले धक्का लागते माह्या हाताचा," म्हणाला. ते खोटं नव्हतं. धक्का लागला तरी कातडी सरकायची. पण त्याने खाट उचलली तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडले होते.

निदानाचा दिवस

खामगावच्या डॉक्टरांनीच औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या वयस्क डॉक्टरांनी माझ्या पाठीवर, जिथे काहीच नव्हतं अशा जागी, बोटाने हलकेच दाबून ओढलं. कातडी सरकली. त्यांच्यामागे शिकणाऱ्या मुलामुलींचा घोळका उभा होता. डॉक्टरांनी आधी मला विचारलं होतं, "यांना दाखवू का?" मी हो म्हणाले, कारण नाही म्हणता येतं हे मला माहीत नव्हतं. एवढ्या परक्या माणसांनी माझी उघडी पाठ पाहिली. मी डोळे मिटून घेतले, जणू मी मिटले की त्यांनाही दिसणार नव्हतं.

कातडीचा तुकडा तपासायला घेतला. निकाल आला त्या दिवशी अम्मी माझ्याबरोबर होती. डॉक्टर म्हणाले, "पेम्फिगस आहे. शरीरातली लढणारी यंत्रणा असते ना, जंतू मारणारी, ती चुकून तुमच्याच कातडीला शत्रू समजली आहे. कातडीचे थर ज्याने चिकटलेले असतात तेच ती तोडते आहे. औषधाने आटोक्यात येतं. पण औषध बराच काळ घ्यावं लागेल आणि ते सोपं नाही."

मला मरणाची भीती वाटायला हवी होती. मला वाटलं, म्हणजे बाहेरचं कुणी नाही, कपाशी नाही, फवारा नाही. माझं मीच. आता लोकांना काय सांगू?

"हे लागते काय दुसऱ्याले?" मी विचारलं.

"नाही. शिवून नाही, खाऊन-पिऊन नाही, कशानेच नाही."

"हे यांच्याकडं पाहून सांगा नं," मी अम्मीकडे हात केला.

डॉक्टर अम्मीकडे वळले आणि तेच सगळं पुन्हा सावकाश सांगितलं. अम्मी म्हणाली, "मले कायले सांगता? मी कुठं दूर बसली?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इतके महिने माझे पू लागलेले कपडे तीच धूत होती.

केळीची पानं

वॉर्डात माझी पाठ चादरीला चिकटायची. उठवलं की कातडी चादरीवर राहायची. म्हणून मला केळीच्या पानांवर निजवलं. वरून लोखंडी कमान आणि त्यावर चादर, म्हणजे अंगाला काही टेकणार नाही. आत अंगावर धड कपडा नाही. रोज सकाळी जांभळ्या औषधाच्या पाण्याने अंग पुसायचं, मलम लावलेल्या जाळीच्या पट्ट्या ठेवायच्या, तोंड धुवायचं, गोळ्या, पुन्हा पानं बदलायची. पानं बदलताना थंड लागायची आणि तेवढा वेळ जळजळ थांबायची. दिवसभरातलं तेवढं एक सुख मला अजून आठवतं.

अंग पुसायचं काम नर्सबाई करत, पण त्यांच्यामागे सगळा वॉर्ड असायचा. चौथ्या की पाचव्या दिवसापासून अम्मीने ते पाणी आपल्या हातात घेतलं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी अम्मीसमोर डोक्यावरची ओढणी ढळू दिली नव्हती. आमचं फार गोडीचं कधी नव्हतंच. तिला माझा हात हळू वाटायचा, मला तिची जीभ तिखट वाटायची. आणि आता ती मला तान्ह्या लेकरासारखी उलटीपालटी करत होती. मी तोंड फिरवून रडायची. अश्रू गालावरच्या जखमांवर झोंबायचे.

"रडून राह्यली काऊन? दुखलं काय?"

"शरम येते, अम्मी."

ती पुसत राहिली. जरा वेळाने म्हणाली, "मलेही येते. तू डोळे मीट, मी काम करते."

एवढंच. तिने मला "त्यात काय लाजायचं" म्हटलं नाही, याचे मी आजही उपकार मानते. त्या औषधाने तिची बोटं आणि नखं तपकिरी पडली होती. नमाजाला बसली की ती हात ओढणीखाली घ्यायची. तिलाही ती बोटं लोकांना दाखवायची नव्हती.

सुमनताई

मला जरा चालता यायला लागलं तेव्हा आमच्या वॉर्डाच्या दारात, बायकांच्या आणि पुरुषांच्या वॉर्डांमधल्या व्हरांड्यात, मला सुमनताई भेटल्या. मेहकर तालुक्यातल्या जानेफळच्या. त्यांचे यजमान पुरुषांच्या बाजूला होते. पाठीवरच्या पंपातून औषध गळून पाठ भाजली होती, डोळे सुजले होते, मधूनमधून उलट्या होत होत्या. बोंडअळीवर दोन औषधं एकत्र करून फवारली होती.

बघायला येणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारायचा. सुमनताई प्रत्येकाला एकच उत्तर द्यायच्या. "पेले नाही हो. फवारून राह्यले होते. पाठ पाहा त्याईची, तोंड पाहा, तोंडाले काही झालं काय?" तरी माणसं हळूच मान डोलवून जायची. त्यांच्या भावानेसुद्धा एकदा त्यांना बाजूला घेऊन विचारलं.

"आता मले वाटते, पाटीच लावावी गळ्यात," त्या मला म्हणाल्या. "तुमाले काय विचारतात?"

मी सांगितलं. मलाही बाजारात "पेली काय" असंच विचारलं होतं. त्या एकदम हसल्या. मीही हसले. ओठ चिरले, रक्त आलं. पण कितीतरी महिन्यांनी हसले होते.

केतकी मॅडम

केतकी मॅडम शिकाऊ डॉक्टर होत्या, प्रबंधासाठी या आजारावर काम करत होत्या. माझी पाठ पाहणाऱ्या घोळक्यात त्याही होत्या. वॉर्डात एके दिवशी एकट्या आल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा कुणी विचारलं आणि तुम्हाला नको असेल तर नको म्हणा. उपचारात काही फरक पडत नाही." मग म्हणाल्या, "आता मीच विचारायला आलेय. अभ्यासासाठी तुमचं थोडं रक्त हवंय. यालाही नको म्हणू शकता."

खामगावच्या रक्तानंतर मला रक्त द्यायची धास्ती होती. "काय पाहता त्यात?" मी विचारलं.

त्यांनी खुर्ची ओढली. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये लढणाऱ्या पेशी असतात, आणि त्यांच्यातच थोड्या अशा असतात की ज्या बाकीच्यांना थोपवतात, आता पुरे म्हणतात. माझ्या रक्तात त्या थोपवणाऱ्या पेशी किती आहेत आणि काम करतात की नाही, हे त्यांना बघायचं होतं.

"मग पाहा की. भिंगाखाली दिसत असतील."

"तोच घोळ आहे. भिंगाखाली सगळ्या सारख्या, गोल. ओळखायचं ते त्यांच्या अंगावर काय आहे त्यावरून. पेशीच्या वरच्या भागावर निरनिराळे कण असतात. त्यांना चिकटणारे चमकते रंग आम्ही टाकतो आणि मशीन एकेक पेशी तपासतं. या थोपवणाऱ्या पेशींवर सीडी चार नावाचा कण असतो आणि सीडी पंचवीस भरपूर असतो."

अम्मी मध्येच म्हणाली, "सीडी म्हणजे ते गान्याची?"

मॅडम हसल्या. "नावच तसं आहे, अम्मी. पण गंमत अशी की लढणारी पेशी चवताळली की तिच्याही अंगावर सीडी पंचवीस वाढतो. तुमच्या सुनेसारख्या आजारात तर चवताळलेल्याच जास्त. नुसतं तेवढं बघून मोजलं तर राखणदार म्हणून दंगेखोरच मोजले जातील. म्हणून तिसरी खूण बघायची, सीडी एकशे सत्तावीस. खऱ्या थोपवणाऱ्या पेशीवर ती अगदी कमी असते. काय आहे ते बघायचं, आणि काय नाही तेही बघायचं."

"खात्रीची खूण नाही काय एखादी?" मी विचारलं.

"आहे. पण ती पेशीच्या आत असते. ती बघायला पेशीत भोकं पाडावी लागतात, मग ती मरते. मला त्या जिवंत हव्यात, काम करताना बघायला. म्हणून वरूनच, पण नीट ओळखायचं."

मी रक्त दिलं. मोठ्या मनाने दिलं असं मी म्हणणार नाही. इतके महिने जो तो माझ्या अंगाकडे एक नजर टाकून मला ओळखून मोकळा होत होता. ही बाई एका पेशीला ओळखायच्या आधी तीन-तीनदा बघत होती. मला तिच्या हातात रक्त द्यावंसं वाटलं.

तुलनेसाठी त्यांना निरोगी माणसाचंही रक्त हवं होतं. रक्ताच्या नात्यातलं नको, पण वय आणि राहणं सारखं हवं. सुमनताई लगेच तयार झाल्या. "माह्यं घ्या. मी धडधाकट आहे." बोटाला टोचून तपासलं तर रक्त इतकं कमी निघालं की मॅडमनी त्यांनाच औषध लिहून दिलं. सुमनताई बाहेर येऊन माझ्या खाटेशी बसल्या. "मी तर चांगली समजून राह्यली होती स्वतःले," म्हणाल्या. पुढे त्यांचे यजमान बरे होऊन घरी गेले. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि मी पटकन काढून घेतला. सवयच लागली होती.

घरी

स्टिरॉइडच्या गोळ्यांनी फोड थांबले, जखमा भरल्या आणि चेहरा सुजला. डोळे बारीक झाले, गाल ताटासारखे, ओठावर केस. घरी आले तेव्हा आफरीन दारातच उभी राहिली. तिने आधी अम्मीकडे पाहिलं, मग माझ्या आवाजावरून ओळखलं. ती जवळ आली खरी, पण तेवढा एक क्षण मी विसरले नाही.

डॉक्टरांनी ठरवल्याप्रमाणे गोळ्या हळूहळू कमी केल्या. आणि मग एक दिवस अंघोळ करताना पाठीवर ओलं लागलं. फोड परत आला होता. मी कुणाला सांगितलं नाही. घरात नुकतं कुठे हसणं-बोलणं सुरू झालं होतं, रशीद आफरीनला टेम्पोत बसवून फिरवत होता. इतक्या जणांनी इतकं केल्यावर आपण पुन्हा आजारी पडणं हे मला नापास होण्यासारखं वाटलं. जुनं मऊ फडकं पोलक्याआत लावून मी वावरत होते. शेवटी एक दिवस फडकं, पोलकं आणि पाठ एक झाली. अम्मी पोळ्या लाटत होती. माझ्या चालण्यावरूनच तिने ओळखलं.

"काढ," म्हणाली.

"नाई."

"शमीम, काढ. मी पाह्यली आहे तुही पाठ."

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगते, आजार उलटला तर तो तुमचा गुन्हा नव्हे, आणि तो लपवून ठेवला तर वाढतो. मला ते ताप येऊन पडेपर्यंत कळलं नाही. जखमांत जंतू शिरले होते. ज्या डॉक्टरांनी मला कधी घाबरवलं नव्हतं, तेही त्या वेळी रशीदला म्हणाले की दोन दिवस उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

रशीदचं रक्त

या वेळी औरंगाबादला रशीद टेम्पो घरी उभा ठेवून पूर्ण वेळ माझ्यापाशी राहिला. ताप उतरल्यावर मला नवं औषध सलाईनमधून दिलं. केतकी मॅडम अजून तिथेच होत्या आणि निरोगी माणसं अजून शोधत होत्या. त्यांनी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "माह्यं चालते काय?"

त्याचं चाललं. मी म्हणाले की मला ते मशीन बघायचं आहे. मॅडमनी वरिष्ठांना विचारून आम्हा दोघांना प्रयोगशाळेत नेलं. व्हरांड्यातून जाताना लोक माझ्या सुजलेल्या चेहऱ्याकडे पाहत होते आणि मी ओढणी खाली ओढत होते. रशीद पुढे चालत होता. मग मागे येऊन बरोबर चालायला लागला.

पडद्यावर नुसते ठिपके होते. एकेक ठिपका म्हणजे एकेक पेशी. मॅडमनी आधी सीडी चार आणि सीडी पंचवीस लावून माझ्या रक्ताचं चित्र दाखवलं. वरच्या कोपऱ्यात दाट गर्दी होती. मला बरं वाटलं. "एवढ्या आहेत?"

"थांबा," त्या म्हणाल्या आणि तिसरी खूण लावली. गर्दी पांगली. एका बाजूला लहानसा पुंजका उरला. "या खऱ्या. बाकीच्या नुसत्या तशा दिसत होत्या."

माझी मान खाली गेली. रक्तातही एवढंसंच. मॅडमना ते दिसलं असावं. "हा अभ्यास आहे, शमीमताई. एका माणसाच्या एका नमुन्यावरून मी काही सांगू शकत नाही. तुम्हीही सांगू नका स्वतःला."

मग त्यांनी शेजारी रशीदचं चित्र उघडलं. रशीद वाकून दोन्हींकडे कितीतरी वेळ बघत राहिला. एकदा इकडे, एकदा तिकडे.

"यातलं हिचं कोनतं म्हनले?"

"डावीकडचं."

"मले तर समजून नाई राह्यलं," तो म्हणाला. "सारखंच दिसते."

फरक होता, मॅडमना तो दिसत होता. पण त्यांनी त्याला दुरुस्त केलं नाही.

सुट्टी मिळाली तेव्हा आम्ही जालना, देऊळगाव राजा मार्गे चिखलीच्या एसटीने निघालो. एसटीत माझ्या अंगाला मलमाचा वास येत होता, पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं. मी खिडकीशी सरकले. रशीद शेजारी बसला. जालना मागे पडल्यावर, माझ्याकडे न पाहता म्हणाला, "खामगावले तुह्या आधी मी माह्यं रक्त तपासलं होतं."

"सांगितलं नाही."

"कसं सांगू? तसं मी काही केलं नव्हतं. पण सारे तसेच पाहून राह्यले होते, तर मलेही माह्यावर भरवसा राह्यला नाही. रिपोर्ट येईस्तोवर मले वाटे, माह्यामुळंच झालं तुले. म्हनून बाहेर झोपलो. तुह्या तोंडाकडं पाहवत नव्हतं."

मी त्याला माझ्या शंकेबद्दल सांगावं की नाही याचा विचार करत राहिले. मग सांगितलं. तो "हाव" म्हणाला, एवढंच. देऊळगाव राजाच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीच्या उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग होते. त्याचे डोळे मिटायला लागले. इतक्या रात्री तो माझ्या खाटेखाली सतरंजीवर जागला होता. गाडीने वळण घेतलं तसं त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं.

खांद्यावरची कातडी नवी होती, गुलाबी, पातळ. त्याच्या डोक्याच्या वजनाने ती दुखायला लागली. गाडी हादरली की त्याची दाढी घासायची. समोरची बाई पुन्हा वळून पाहत होती आणि माझ्या मनात नेहमीसारखं आलं की ओढणी पुढे घ्यावी. ओढणी त्याच्या डोक्याखाली दाबली गेली होती. मी त्याला उठवलं नाही.

चिखली आली तेव्हा तो जागा झाला आणि दचकून बाजूला झाला. "लागलं काय? काऊन नाही उठवलं?"

घरी आल्यावर अम्मीने दार लावलं आणि मी खांदा उजेडाकडे केला. त्याच्या गालाचा लाल ठसा उमटला होता. अम्मीने बोट टेकवून पाहिलं, मग हलकेच सरकवून पाहिलं. कातडी जागची हलली नाही.